रेकॉर्ड अडकली नाहीये, अडकवलीय

मी हिपहॉपचा बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवायला बसलो आणि खोलीचं दार उघडं राहिलं, की दहाव्या मिनिटाला स्वयंपाकघरातून आवाज येतोच: "अरे, रेकॉर्ड अडकलीय. सुई उचल." सुई मी केव्हाच उचललेली असते, आवाज लॅपटॉपमधून येत असतो. पण आईचं निदान अगदीच चुकीचं नाही. रेकॉर्डवर चरा पडला की सुई एकाच खाचेत घुटमळते आणि गायक तोच तो शब्द म्हणत बसतो, हे तिच्या पिढीनं भरपूर ऐकलंय. हिपहॉपनं हा बिघाडच कामाला लावला.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत, डीजे कूल हर्कच्या बहिणीनं पार्टी ठेवली होती. हिपहॉपचा वाढदिवस म्हणून हीच तारीख धरतात. फंक या नाचऱ्या अमेरिकन संगीताच्या गाण्यात एक जागा अशी येते की गायक गप्प, ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकायची पितळी वाद्यं) गप्प, आणि नुसते ड्रम उरतात. या जागेला ब्रेक म्हणतात. नाचणाऱ्यांच्या अंगात येतं ते नेमकं तिथे, हे हर्कनं हेरलं होतं. पण ब्रेक काही सेकंदांत संपतो. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायला सुरुवात केली. एकीवर ब्रेक वाजतोय तोवर दुसरी हातानं मागे फिरवून तयार ठेवायची. पाच सेकंदांची जागा हवी तितकी लांबायची. ऐंशीच्या दशकात सॅम्पलर नावाचं यंत्र आवाक्यात आलं आणि हे हातकाम यंत्राच्या मेमरीत गेलं.

तर सॅम्पलिंग म्हणजे आधी कुणीतरी वाजवून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलायचा आणि तो वाद्यासारखा वाजवायचा. चाल उचलणं वेगळं. चाल उचलली की गाणं नव्यानं गाऊन-वाजवून घेतात. सॅम्पलमध्ये मूळ आवाजच येतो, म्हणजे त्या दिवशीच्या स्टुडिओतली हवा, टेपची सळसळ, वादकाचं तारेवरून घसरलेलं बोट, सगळं. आणि त्यावर नव्यानं रचलेल्या, रॅपरनं शब्द म्हणावेत अशा संगीताला बीट म्हणतात.

इथपर्यंत कुणीही सांगेल. खरी गंमत पुढे आहे. एकच रेकॉर्ड पाच जणांना दिली तर पाच बीट येतात, आणि जाणकार कान नाव न सांगता ओळखतो की हे कुणाचं काम. हे कसं होतं ते मी माझ्याच पुढ्यातल्या तुकड्यावर दाखवतो.

तुकडा एका भावगीतातला आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी, गंजलेल्या पान्यांच्या आणि कुलपांच्या शेजारी पडलेली मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी रेकॉर्ड. गाण्याचं नाव सांगणार नाही. यात शिष्टपणा नाही, धंद्याची रीत आहे. हर्क तर रेकॉर्डची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा, दुसऱ्या डीजेनं डोकावून पाहिलं तरी काही कळू नये म्हणून.

मुखडा संपतो आणि पहिला अंतरा सुरू व्हायचा असतो, तिथं जो वाद्यांचा भाग येतो त्याला आपले वादक 'पीस' म्हणतात. या गाण्यात तिथं मेंडोलिन आहे, मागे बासरी, खाली डबल बास. आणि माझं नशीब असं की पहिल्या आठ ठोक्यांत तबलजी थांबलेला आहे. आठ ठोके ५.४ सेकंदांत बसतात, म्हणजे मिनिटाला साधारण ८९ ठोके. हिपहॉपला हवी तीच लय. आपल्याकडच्या जुन्या गाण्यांत फंकसारखे नुसत्या ड्रमचे ब्रेक शोधणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही; आपलं धन या पीसमध्ये आहे, असं माझं मत आहे.

पहिला मार्ग म्हणजे काहीच न करणं. आठ ठोके उचलायचे, फिरवत ठेवायचे. याला लूप म्हणतात, आणि हे आळशाचं काम आहे असं समजणाऱ्यांनी एकदा करून पाहावं. सुरुवात नेमकी कुठून? मेंडोलिनच्या पहिल्या आघातावर कापलं तर लूप ताठ बसतो. आघाताच्या अर्धा ठोका आधीचा बासरीचा श्वास घेतला तर तोच लूप झुलतो. शिवाय त्या काळी वादक कानात मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) घालून वाजवत नसत, त्यामुळे माझ्या तुकड्यात सहावा ठोका जरा लवकर येतो. आता एक तर तुकडा कापून तो ठोका यंत्राच्या आखलेल्या रेघेवर आणायचा, नाहीतर आपले ड्रम त्या वादकामागे चालवायचे. कॅलिफोर्नियाच्या मॅडलिबचं पुष्कळ काम दुसऱ्या पंथातलं वाटतं. लूप कच्चा, कडा न घासलेल्या, खरखर तशीच. रॅपर एमएफ डूमबरोबरच्या २००४च्या 'मॅडव्हिलनी' अल्बमचे बरेच बीट त्यानं ब्राझीलमध्ये हॉटेलच्या खोलीत बनवले. साहित्य काय, तर एक छोटा सॅम्पलर, हातात मावेल असा टर्नटेबल आणि टेपडेक. अशा माणसाची खरी मेहनत यंत्रावर बसण्याआधीच झालेली असते, हजारो रेकॉर्डी ऐकण्यात. २००७मध्ये त्यानं हिंदी चित्रपट संगीतावर बेतलेला 'बीट कंडक्टा इन इंडिया' काढला. तो ऐकताना आपल्याला अधूनमधून दचकायला होतं, ओळखीच्या माणसानं परक्या गावात हाक मारावी तसं.

दुसरा मार्ग तुकडे पाडण्याचा, म्हणजे चॉपिंग. माझ्या पीसचे सोळा तुकडे करायचे. मेंडोलिनचा प्रत्येक आघात वेगळा, बासचा प्रत्येक सूर वेगळा. यंत्रावर बोटानं वाजवायचे चौकोनी पॅड असतात, प्रत्येक पॅडवर एक तुकडा बसवायचा. मग मूळ क्रम विसरून वाजवायचं: नववा, दुसरा, दुसरा, चौदावा. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांनी बोलतान आठवावी. बंदिशीचे शब्द तेच, पण गायक ते फोडून अशा जागी टाकतो की नवीच लय उभी राहते. डीजे प्रीमियर हा यातला मोठा माणूस. त्याच्या चॉपमध्ये मूळ गाणं ओळखू येणं मुश्कील, उरतो तो एक टोकदार, आडमुठा ठेका. त्याच्या गँग स्टार या जोडीच्या १९९४च्या 'मास अपील'मध्ये जॅझ गिटारवादक विक ज्युरिस यांच्या रेकॉर्डमधले मोजके सूर आहेत, बस्स. तेवढ्यावर अख्खं गाणं तरलंय. ध्रुवपदाच्या जागी तो पुष्कळदा वेगवेगळ्या रॅपरांची अर्धी-मुर्धी वाक्यं रेकॉर्डवरून खरडत जोडतो, आणि त्या जोडकामातून गाण्याला नवं वाक्य मिळतं.

मी स्वतः या पंथाचा. कारण फार उदात्त नाही. मला ताल बरा आहे, सूर यथातथा. तुकडे पाडले की सुराचं काम मूळ वादकानं आधीच केलेलं असतं आणि माझ्याकडे फक्त 'केव्हा' एवढाच प्रश्न उरतो.

आता यंत्राबद्दल थोडं, कारण माणसाची शैली म्हणून आपण जे ऐकतो त्यातलं बरंचसं यंत्राच्या अडचणीतून आलेलं असतं. १९८७मध्ये एसपी-१२०० हा सॅम्पलर आला. त्याची मेमरी एकूण दहा सेकंदांची. एका तुकड्याला जास्तीत जास्त अडीच सेकंद. गणित करून पाहा. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली तर चार ठोके वाजायला २.६७ सेकंद लागतात. म्हणजे एक साधं आवर्तनही बसत नाही!

यावर तोड निघाली ती रेकॉर्डच्या वेगातून. ३३च्या वेगाची मोठी रेकॉर्ड टर्नटेबलवर ४५च्या वेगानं वाजवायची. वेग १.३५ पट झाला, २.६७ सेकंदांचं आवर्तन १.९८ सेकंदांत उरकलं, मेमरीत बसलं. आता आवाज लहान पोरासारखा चिरका झालेला असतो. यंत्रात तो परत खाली आणायचा, सुमारे पाच अर्धस्वर. पण यात एक किंमत मोजावी लागते. एसपी-१२०० आवाज १२ बिटमध्ये साठवायचा, सेकंदाला जेमतेम २६ हजार नमुने घेऊन. तुलनेला सीडी घ्या: १६ बिट आणि ४४,१०० नमुने. तेवढ्या जाडसर जाळीतून घेतलेला आवाज पुन्हा ताणून सैल केला की वरचे बारीक, चकचकीत कंप गळून पडतात आणि खाली एक करकरीत, वाळूसारखा पोत येतो. नव्वदीच्या न्यूयॉर्क हिपहॉपचा तो मळकट, उबदार आवाज म्हणून ज्याची आज लोक महागडी सॉफ्टवेअर घेऊन नक्कल करतात, त्यातला मोठा भाग हा असा जागेच्या टंचाईतून आलाय. चाळीतल्या खोलीत माळा का निघतो, तसंच.

वेग वाढवून आवाज चिरका होतो तो तसाच ठेवला तर? वू-टँग क्लॅन या रॅप गटाच्या रिझानं जुन्या सोल गाण्यांवर हे केलं, आणि कान्ये वेस्टनं त्याला घराघरांत नेलं. २००३च्या 'थ्रू द वायर'मध्ये गायिका चाका खानचा १९८४चा आवाज असा चढवलेला आहे. माझ्या भावगीतावर मी हे एकदा केलं. बाई एकदम बालनाट्यातल्या खारीसारख्या गायला लागल्या. पुन्हा केलं नाही.

पीट रॉक मात्र वेगळ्याच वाटेनं जातो. त्याला तुकड्यातलं सगळं नको असतं. फिल्टर नावाची सोय असते, ती आवाजातले वरचे कंप कापते. मेंडोलिन, बासरी पुसट होत जातात आणि भिंतीपलीकडून यावा तसा नुसता बास उरतो. तो एक थर म्हणून अंथरायचा आणि त्यावर दुसऱ्याच रेकॉर्डमधलं ब्रास किंवा गाणारा आवाज ठेवायचा. १९९२चं 'दे रेमिनिस ओव्हर यू' हे गाणं ऐका. अपघातात गेलेल्या मित्रासाठी केलेलं. त्यात सॅक्सोफोनची जी ओळ वर येते ती टॉम स्कॉटच्या एका रेकॉर्डमधली आहे, आणि ती येते तेव्हा मला दरवेळी वाटतं की हे सॅम्पल शोधलेलं नाही, यानंच येऊन गाठलंय.

वेळेबद्दल अजून बोललो नाही. खरं तर सगळ्यात व्यक्तिगत गोष्ट तीच.

यंत्राला एक सवय असते, क्वांटाइझ. तुम्ही पॅडवर बोट जरा उशिरा मारलं की यंत्र तो ठोका ओढून जवळच्या रेघेवर नेऊन बसवतं. सगळं नीटनेटकं, आणि म्हणून निर्जीव. १९८८मध्ये आकाई कंपनीनं एमपीसी ६० हा सॅम्पलर काढला. रॉजर लिन यांनी घडवलेल्या त्या यंत्रात स्विंग म्हणून सोय होती. स्विंगला आपल्याकडे शब्द आहे: झोल. केहरव्यात 'झोल पाहिजे' असं तबलजी म्हणतात तोच. (बोलीभाषेतला झोल म्हणजे लबाडी. तोही अर्थ इथं चालतो, कारण वेळेशी केलेली ही लबाडीच आहे.) एका ठोक्याचे चार भाग केले तर पहिला आणि तिसरा जागेवर राहतात, दुसरा आणि चौथा किंचित मागे सरकतात. ५० टक्के म्हणजे अगदी सरळ. ६६ टक्के म्हणजे जवळजवळ तिश्र अंगाचा डौल. ९० ठोक्यांच्या लयीत ५० वरून ५८ वर आलात तर तो भाग २६-२७ मिलिसेकंद उशिरा पडतो. आकडा क्षुल्लक वाटतो. मानेला मात्र लगेच कळतं.

डेट्रॉइटचा जे डिला या पुढे गेला. त्यानं क्वांटाइझ बंद करून हातानं वाजवलं, अशी गोष्ट सगळे सांगतात. ती अर्धीच खरी आहे. त्याची करामत जास्त बारीक होती: एकाच बीटमध्ये एक आवाज सरळ चालतोय, दुसरा झोल घेऊन, तिसरा मुद्दाम काही टिक पुढे-मागे सरकवलेला. त्याच्या एमपीसी ३०००मध्ये एका ठोक्याचे ९६ टिक होतात. ९० च्या लयीत एक टिक सुमारे ७ मिलिसेकंदांचा. स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) दोन-तीन टिक आधी ओढला आणि कोपऱ्यातला हाय-हॅट (झांजांची जोडी) झोलात ठेवला की दोन घड्याळं एका भिंतीवर टिकटिकतात. बीट पडेल पडेल असं वाटतं आणि पडत नाही. एखादा गवई समेला मुद्दाम केसभर मागे राहतो आणि आपण 'आला का, आला का' करत पुढे झुकतो, त्या जातीचा हा आनंद आहे. डिलाचा 'डोनट्स' हा ३१ छोट्या तुकड्यांचा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ला आला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी. तीन दिवसांनी तो गेला. त्याचा एमपीसी आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

आणि ड्रमच न टाकणारेही आहेत. रॉक मार्सियानो, द अल्केमिस्ट यांच्या कितीतरी बीटमध्ये नुसता लूप असतो, ठोका रॅपरच्या तोंडून येतो.

आपल्या रेकॉर्डी वापरताना दोन खास त्रास होतात, ते सांगून ठेवतो. पहिला तबल्याचा. तुकड्यात तबला असला की तुमच्या किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअरशी त्याचं भांडण होतं, कारण डग्ग्याची घुमार नेमकी बासच्या जागेत बसते आणि तीही सूर बदलत. खालचे कंप कापले तर घुमार जाते, पण चाटेवरचा 'ना' उरतो; तो मी हाय-हॅट समजून चालवून घेतो. आता आवाज आणि वाद्यं वेगळी करून देणारी सॉफ्टवेअर आलीत, पण त्यातून निघालेल्या मेंडोलिनला पाण्याखाली वाजवल्यासारखी चव येते. दुसरा त्रास पट्टीचा. जुनी रेकॉर्ड, जुना टर्नटेबल, त्यामुळे सूर बरोबर पेटीच्या पट्टीवर येत नाही. माझा पीस काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधे लोंबकळतोय. अशा वेळी मी सॅम्पलला हात लावत नाही, माझा बास त्याच्याशी जुळवतो. पाहुण्यानं घरच्यांशी जुळवून घ्यावं.

अमेरिकन बीट-निर्मात्यांना हिंदी गाण्यातलं अक्षरही कळत नाही, याचे किस्से मजेदार आहेत. २००२मध्ये रॅपर एरिक सर्मनचं 'रिअ‍ॅक्ट' आलं. बीट जस्ट ब्लेझ या निर्मात्याचा, सॅम्पल 'ताजमहल' (१९६३) या चित्रपटातल्या रोशन यांच्या गाण्याचं. त्यात बाई गाते, अर्थ असा की कुणाला जीव द्यायचीच हौस असेल तर कुणी काय करावं. आणि रॅपर छाती काढून उत्तर देतो: ती जे काही म्हणाली ना, मी तोच! आपण हसतो. पण हेही खरं की त्याला तो आवाज शब्दांशिवाय, निव्वळ नाद म्हणून ऐकू आला, तसा तो आपल्याला कधीच येणार नाही.

त्याच वर्षीचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' हे गाणं मात्र कोर्टात गेलं. त्यात 'ज्योती' (१९८१) मधला लता मंगेशकरांचा आवाज होता, परवानगीविना. सारेगामा या रेकॉर्ड कंपनीनं पन्नास कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा दावा लावला. २००३मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव छापल्याशिवाय अल्बमची पुढची विक्री थांबवायला सांगितलं.

कायद्याचं थोडक्यात. प्रत्येक रेकॉर्डमध्ये दोन हक्क असतात: एक ध्वनिमुद्रणाचा, सहसा कंपनीकडे, दुसरा रचनेचा, गीतकार-संगीतकाराचा. सॅम्पलला दोन्ही परवानग्या लागतात. म्हणून डॉ. ड्रेसारखे निर्माते तुकडा पुन्हा वादकांकडून वाजवून घ्यायचे. ध्वनिमुद्रण आपलं झालं की एकच परवानगी उरते. १९९१मध्ये विनापरवाना सॅम्पलवरून रॅपर बिझ मार्कीविरुद्ध लागलेल्या निकालाची सुरुवातच न्यायाधीशांनी 'चोरी करू नकोस' या बायबलातल्या आज्ञेनं केली होती. मार्कीनं पुढच्या अल्बमचं नावच 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!' ठेवलं. 'पाच सेकंदांपर्यंत चालतं' ही कट्ट्यावरची अफवा आहे. अमेरिकेत एका न्यायालयानं २००५मध्ये दोन सेकंदांच्या गिटारलाही परवानगी हवी म्हटलं, तर दुसऱ्यानं २०१६मध्ये पाव सेकंदाहून कमी ब्रास सोडून दिलं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, रचनेचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे जुनी रेकॉर्ड मोकळी झाली तरी चाल मोकळी झालेली असेलच असं नाही.

मला मात्र या सगळ्यात क्लाइड स्टबलफील्ड आठवत राहतो. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला तो ड्रमर, नोव्हेंबर १९६९मध्ये वाजवलेला. जगात सर्वाधिक वेळा उचललेल्या ब्रेकपैकी एक त्याच्या हातचा. रचनाकार म्हणून त्याचं नाव कुठेच नव्हतं, त्यामुळे कायद्यानं सगळं चोख पाळलं असतं तरी पैसे त्याच्या खिशात गेले नसते. माझ्या भावगीताच्या रेकॉर्डवर गायिका आहे, कवी आहे, संगीतकार आहे. मेंडोलिन कुणी वाजवलं ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि माझ्या बीटमध्ये नेमका तोच तेवढा आहे.

हा बीट मी अजून कुठे टाकलेला नाही. काल रात्री शेवटची मांडणी ऐकत होतो: सात तुकडे, ५६ टक्के झोल, बास वेगळा वाजवलेला. इतकं कापल्यावर गाणं ओळखू येणार नाही अशी माझी खात्री होती. दार उघडं होतं. दुसऱ्या फेरीला स्वयंपाकघरातून आईचं गुणगुणणं सुरू झालं, बरोबर त्याच गाण्याचा अंतरा, पुढच्या ओळीसकट. तोवर लूप फिरून पहिल्या ठोक्यावर आला. ती थांबली.

"पुढं जाऊच देत नाहीस," म्हणाली, आणि कुकर लावला.